शेवट पाठ असलेली गोष्टही पोरं श्वास रोखून का ऐकतात?

सर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कोल्हापूरच्या एका हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवता. पावनखिंड सांगायला घेतली की सातवीचा वर्ग चिडीचूप, शेवट सगळ्यांना पाठ असूनही. दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात नदी आणि पूर शिकवायला घेतला की पाचव्या मिनिटाला जांभया. मग तुम्ही धड्याच्या सुरुवातीला एक गोष्ट जोडून पाहिली. गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहिली, धडा कुणाच्याच नाही. आता तुम्ही विचारताय की गोष्टीत असं काय असतं, मेंदूत नेमकं काय होतं, आणि सगळंच गोष्ट करून शिकवता येईल का?

मी मानसशास्त्र शिवाजी विद्यापीठातून शिकले, पण आयुष्यभराचं काम राहिलं ते बालनाट्याचं आणि शाळाशाळांतून गोष्टी सांगण्याचं. आता शिक्षकांची शिबिरंही घेते. त्यामुळं खाली लिहिलेलं काही प्रयोगशाळेतलं आहे, काही वर्गातलं. कुठलं कशातलं ते सांगत जाईन.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाची गाठ त्या जोडलेल्या गोष्टीत आहे. गोष्ट ऐकताना पोराचं डोकं कुणाच्या तरी वतीनं सतत पुढचा अंदाज बांधत असतं. ते काम हातात आहे तोवर पोरगं जागचं हलत नाही. पावनखिंडीत तुम्ही त्याला ते काम देता. पुराच्या धड्यात ते काम तुम्ही स्वतःच उरकून टाकता, आणि पोरासमोर फक्त उत्तरं ठेवता.

आधी एक कबुलायला हवं की बरंच काही परिस्थितीवर ठरतं. पन्नास पोरांचा वर्ग आणि वीस पोरांचा वर्ग यांत फरक पडतो. तास कितवा आहे यानं पडतो. पॉली वीसनर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातल्या शिकारी-भटक्या लोकांची बोलणी टिपून २०१४ मध्ये लिहिलं की दिवसाची चर्चा बहुतेक कामधंद्याची आणि एकमेकांच्या तक्रारींची असते. रात्री शेकोटीभोवती मात्र सुमारे ८१ टक्के बोलणं गोष्टींचं. म्हणजे डबा खाल्ल्यानंतरच्या तासाला आजीच्या अंगणातला परिणाम मिळाला नाही तर दोष तुमचा नाही. घरी कानडी किंवा हिंदी बोलणारी पोरं वर्गात असतील तर आणखी वेगळं. आणि तुमचा आवाज, तुमचा त्या वर्गाशी असलेला जुना हिशेब, हे सगळं आलंच.

आता मुळाशी जाऊ. माणसाचं डोकं गोष्ट शोधत असतं असं म्हणणंही थोडं कमीच, ते गोष्ट बनवतच असतं. फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांनी १९४४ मध्ये एक छोटी चित्रफीत दाखवली. तिच्यात दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि एक उघडझाप होणारी चौकट, बस्स. बघणाऱ्या पहिल्या गटात चौतीसजणी होत्या. काय पाहिलं ते लिहा म्हटल्यावर एकीनंच फक्त भूमितीच्या भाषेत लिहिलं. बाकीच्यांनी मोठा त्रिकोण दांडगट, वर्तुळ घाबरलेलं, छोटा त्रिकोण धीट, असं लिहिलं. आकारांना हेतू चिकटले आणि लगेच बाजूही घेतल्या गेल्या.

हे मी शिबिरात टेबलावर करून दाखवते, तुम्हीही करा. खर्च शून्य. खडू टेबलाच्या एका टोकाला ठेवायचा, डस्टर दुसऱ्या. एक शब्द बोलायचा नाही. डस्टर हळूच खडूकडे सरकवायचा, थांबवायचा. खडू जरा मागं घ्यायचा. डस्टर पुन्हा पुढं. खडू टेबलाच्या कडेशी आला की थांबायचं, आणि वर्गाकडे बघायचंसुद्धा नाही. मागच्या बाकावरनं हमखास आवाज येतो, "पळ की लेका!" खडूला. चुन्याच्या तुकड्याला. मग खडू कडेवरून अर्धा बाहेर काढून थांबायचं. त्या क्षणी वर्गात जे होतं तेच तुमच्या पावनखिंडीत होतं. राजे, तलवार, पाऊस यांतलं काहीच इथं नाही. कुणाला तरी काहीतरी हवंय आणि ते मिळेल की नाही ते अजून ठरलेलं नाही, एवढ्यावरच सगळं उभं आहे.

त्यातलं 'कुणाला तरी' हेही तपासून घ्या. शाहू स्टेडियमवर दोन अनोळखी संघ खेळले तर लोक शेंगा खात बघतात. तिथंच आपल्या पेठेचा संघ उतरला की शेंगा हातातच राहतात. बाजू असल्याशिवाय जीव टांगणीला लागत नाही. खडूची बाजू पोरं घेतात कारण तो लहान आहे आणि पळतोय. 'भारतीय शेतकरी' या शब्दाची बाजू कुणी घेत नाही. चिखलीतल्या एका आजीची घेतात. का ते पुढं येईलच.

दुसरी गोष्ट अर्धवटपणाची. ब्लूमा झायगार्निक यांचं १९२७ चं काम तुम्ही ऐकलं असेल. अपुरी राहिलेली कामं पुऱ्या झालेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात, असं त्यांना दिसलं. शिबिरांमधून हे अगदी वेदवाक्य म्हणून सांगतात. खरं म्हणजे लक्षात राहण्याचा तो भाग पुढच्या प्रयोगांत सगळीकडे टिकला नाही. तोडलेलं काम पुन्हा हाती घ्यावंसं वाटतं, ही ओढ जास्त भक्कम दिसते. शिक्षकाला ओढच हवी असते, त्यामुळं आपलं काही नुकसान नाही. जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये कुतूहलाची मांडणी केली ती मला वर्गात सगळ्यात उपयोगी पडते. आपल्याला काय माहीत आहे आणि काय माहीत हवंय यांतली दरी दिसली की कुतूहल जागं होतं. दरी दिसायला हवी, हे महत्त्वाचं. ज्याला विषयाचं काहीच माहीत नाही त्याला दरी दिसतच नाही, आणि ज्याला तुम्ही आधीच सगळं सांगून टाकलं त्याची दरी बुजलेली असते. दोघंही जांभया देतात.

कोल्हापूरकरांना ही दरी जुलैत दाखवावी लागत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३७ फूट झाली की अख्खं गाव फोनला चिकटतं. ३९ ला इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी, हे पाचवीतल्या पोरालाही तोंडपाठ. चहाच्या गाड्यावर माणसं "किती झालं?" एवढंच विचारतात, कशाचं ते विचारायची गरज नसते. म्हणजे बघा सर, ज्या विषयावर तुमचा वर्ग झोपतो त्याच विषयावर त्याच पोरांचे आईबाप रात्री दोनला जागे असतात. विषय कंटाळवाणा नाही. वर्गात तो सुरूच होतो संपल्यासारखा: 'नदीचे पाणी पात्राबाहेर पसरते त्यास पूर म्हणतात.' या वाक्यानंतर विचारायला उरलं काय?

आता तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न, शेवट माहीत असूनही का?

मानसशास्त्रात याला कोडं म्हणूनच बघतात. रिचर्ड गेरिग यांनी दाखवलं की इतिहासातला निकाल पक्का माहीत असलेले वाचकसुद्धा, मधली अडचण नीट रंगवली तर, तो निकाल खरा की खोटा हे सांगायला थोडे जास्त वेळ घेतात. म्हणजे आतल्या माहितीला गोष्ट क्षणभर धक्का देते. त्यांचं म्हणणं असं की अनुभव घेताना आपलं डोकं प्रत्येक वेळ नवी धरूनच चालतं. आठवणीतला शेवट तेव्हा मदतीला धावून येत नाही. आणखी एक प्रयोग २०११ चा, लेविट आणि ख्रिस्टनफेल्ड यांचा. छोट्या कथांचा शेवट वाचकांना आधीच सांगून टाकला तर त्यांना कथा कमी आवडली नाही, उलट सरासरीनं थोडी जास्तच आवडली. नंतरच्या काही अभ्यासांत याच्या उलटही निघालं आहे, तेव्हा नियम म्हणून धरू नका. पण शेवट कळला की सगळं संपलं, ही समजूत तरी त्यानं ढिली होते.

आपल्याकडे हे सांगायला प्रयोगशाळा कशाला लागते म्हणा. कीर्तनात उत्तररंगात येणारं आख्यान कुणाला नवीन असतं? कोल्हापुरातच बाबूराव पेंटरांनी १९२० मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट काढला. कीचक मरणार हे पडद्यासमोर बसलेल्या प्रत्येकाला बाळपणापासून ठाऊक. तरी भीम कीचकाला मारतो ते दृश्य बघून लोक इतके हादरले की पुढं ते कापावं लागलं. धक्का बातमीचा नव्हता, समोर घडताना बघण्याचा होता.

पावनखिंड मी सांगते तेव्हा लढाईवर वेळ घालवत नाही. लढाई पोरं स्वतःच भरून काढतात, हातवाऱ्यांसकट. मी थांबते ती पन्हाळ्यावर, १२ जुलै १६६० च्या संध्याकाळी. सिद्दी जौहरचा वेढा चार महिन्यांहून जास्त चाललेला. पाऊस. आणि नेबापूरचा शिवा काशीद महाराजांसारखे कपडे अंगावर चढवतोय, कारण एका पालखीत तो बसणार आहे. त्या पालखीचा पाठलाग व्हावा म्हणूनच ती निघणार आहे. एका शाळेत इथं एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "बाई, महाराजांचं जोडं त्याला बसलं व्हय?"

मला उत्तर माहीत नव्हतं, कुणालाच माहीत असायचं कारण नाही. मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" मग वर्गच सुरू झाला. मोठे झाले असतील तर चालताना कळेल. पालखीत बसायचंय, चालायचं कुठं? पण चढताना? त्याच्या घरी ठाऊक होतं का? तो नाही म्हणाला असता तर? बघा, शेवट सगळ्यांना माहीत, तरी डोकी कामाला लागलेली. आता पुढं काय होणार हा प्रश्न राहिलाच नव्हता. हा माणूस हे कसं करू शकला, आणि मी केलं असतं का, असे प्रश्न आले होते, आणि त्यांचा निकाल कुठल्याच पुस्तकात छापलेला नसतो. माहीत असलेली गोष्ट टिकते ती अशा प्रश्नांवर. म्हणून घाईत शेवटाकडे पळू नका. तोफा विशाळगडावर वाजायच्या तेव्हा वाजतील.

(एक पुरवणी. मुलांनी विचारलेल्या असल्या प्रश्नांना इतिहास म्हणून उत्तर द्यायचं नाही. "आपण कल्पना करतोय" हे स्पष्ट म्हणायचं. नाहीतर दहा वर्षांनी तीच मुलगी जोड्यांचं माप इतिहास म्हणून सांगत फिरेल.)

मेंदूचं तुम्ही विचारलंय तर थोडक्यात सांगते, कारण इथं बाजारात बराच भुसा आहे. प्रिन्स्टनच्या युरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एका बाईला तिची खरी आठवण सांगायला लावलं, तिच्या मेंदूचं चित्रण केलं, आणि मग ती ऐकणाऱ्यांच्या मेंदूंचं. ऐकणाऱ्यांच्या मेंदूतल्या हालचाली सांगणारीच्या हालचालींशी जुळत गेल्या, बऱ्याच ठिकाणी किंचित मागून. काही भागांत मात्र ऐकणारे तिच्याही पुढं होते, म्हणजे पुढचं येण्याआधीच अंदाज बांधत होते. ज्यांना गोष्ट जास्त चांगली समजली त्यांच्यात ही जुळणी जास्त होती. आणि न कळणाऱ्या भाषेतली, रशियनमधली, गोष्ट लावली तेव्हा ती जुळणी उरली नाही. मला यातलं 'पुढं होते' हे फार मोलाचं वाटतं. खडूला "पळ" म्हणणारं पोरगं तेच करत असतं.

भुसा म्हणजे काय? 'गोष्ट आकड्यांपेक्षा २२ पट लक्षात राहते' हे वाक्य तुम्हाला प्रत्येक प्रेरणादायी भाषणात भेटेल. त्याच्यामागं कुठलाही धड अभ्यास नाही. 'गोष्ट ऐकली की ऑक्सिटोसिन वाढतं आणि माणूस दयाळू होतो' हेही इतकं सरळ नाही. त्या रसायनावरच्या अनेक दाव्यांबद्दल संशोधकांतच वाद आहेत. लक्षात राहण्याबद्दल काही भरवशाचं हवंच असेल तर बॉवर आणि क्लार्क यांचा १९६९ चा प्रयोग घ्या. दहा-दहा शब्दांच्या बारा याद्या. एका गटानं प्रत्येक यादीची स्वतःच गोष्ट गुंफली, दुसऱ्यानं नुसतं पाठ केलं. लगेच विचारलं तेव्हा दोघं सारखेच. सगळ्या याद्या संपल्यावर विचारलं तेव्हा गोष्टवाल्यांना साधारण ९३ टक्के शब्द आठवले, दुसऱ्यांना १३ टक्के. आकडा थक्क करणारा आहे खरा, पण तो सुट्या शब्दांचा आहे, पुराच्या धड्याचा नाही. आणि गोष्ट त्यांनी स्वतः गुंफली होती, कुणी ऐकवली नव्हती, हेही विसरू नका.

इथपर्यंतचं जमेल तसं गोळा करते. डोकं आपणहून हेतू शोधतं, कुणाची तरी बाजू घेतं, आणि अपुरं राहिलेलं पुरं करायला धावतं. शेवट माहीत असला तरी 'कसं' आणि 'का' उघडं राहिलं तर धावणं थांबत नाही. आता तुमच्या जोडलेल्या गोष्टीकडे येऊ.

तुम्ही पुराच्या धड्याआधी काय सांगितलंत, तर तुमच्या आजोबांना झाडावर रात्र काढावी लागली ती गोष्ट. सुंदर आहे. पोरांना ती जन्मभर आठवेल. पण त्या गोष्टीत पाणी का चढलं हे कुठंच येत नाही. आजोबा झाडावरून उतरले, पोरांचा जीव भांड्यात पडला, त्यांचं काम संपलं. मग तुम्ही पुस्तक उघडलंत. पोरांच्या दृष्टीनं ती वेगळीच वस्तू होती. गोष्ट म्हणजे वरून भुरभुरायची कोथिंबीर नव्हे; ती मसाल्यात असावी लागते. शॅनन हार्प आणि रिचर्ड मेयर यांनी १९९८ मध्ये नेमकं हेच तपासलं. वीज कशी तयार होते यावरच्या मजकुरात वीज पडून माणसांचं काय झालं असे चटकदार तपशील घातले. वाचणाऱ्यांना मजकूर रंजक वाटला, आणि वीज कशी तयार होते हे मात्र कमी आठवलं. चटकदार तपशिलानं डोकं चुकीच्या धाग्यावर नेलं. तुमच्या वर्गात झालं ते हेच, आणि ते अनेक चांगल्या शिक्षकांच्या वर्गात होतं, कारण शिबिरांमधून 'सुरुवात गोष्टीनं करा' एवढंच सांगतात.

तर मग काय करायचं? धड्यातली कारणसाखळी हीच गोष्टीची साखळी करायची. यामुळं ते झालं, त्यामुळं पुढचं. कथेतले जे प्रसंग कारणांच्या साखळीवर असतात तेच लोकांना जास्त आठवतात आणि महत्त्वाचे वाटतात, हे मानसशास्त्रात बऱ्यापैकी ठाम आहे. पुराचा धडा मी शिबिरात असा घेते.

प्रयाग चिखलीतलं एक घर, माझ्या मनातलं. आजी, सून, सहावीतला नातू, दोन म्हशी, एक गाभण. मुलगा कामाला पुण्यात. संध्याकाळ. बंधाऱ्यावर ३८ फूट. ग्रामपंचायतीची रिक्षा भोंगा लावून फिरतेय की तयारीत राहा. आजी म्हणते, "मागच्या येळी पाणी गोठ्याच्या दाराशी येऊन परत गेलं. म्हस गाभण हाय, रातचं कुठं न्यायची?" सून म्हणते, आत्ताच निघू. नातू दोघींकडे बघतोय. आणि मी थांबते. वर्गाला विचारते: रात्रीत निघायचं की सकाळी?

पहिल्यांदा नुसता आरडाओरडा होतो, निघा, निघा. मी विचारते, कशावरून? तेव्हा पोरं माहिती मागायला लागतात, आणि पुढचा सगळा धडा या मागण्यांमधून येतो. वर पाऊस किती आहे? वर म्हणजे कुठं? मग नकाशा निघतो: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, आणि गुप्त मानलेली सरस्वती. गगनबावड्याला कोसळलेला पाऊस कुठल्या नदीनं येणार? कुंभी. राधानगरी धरण भरलंय का? भरलं असेल तर त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, कुणी बटण दाबायची वाट बघत नाहीत, किती उघडलेत? ते पाणी भोगावतीतून इथवर यायला किती तास? तेवढ्यात एखादा हुशार पोरगा विचारतो, "पण पुढं पाणी जातंय का?" झालं, आता नरसोबाची वाडी आली. तिथं पंचगंगा कृष्णेला मिळते, आणि कृष्णाच फुगलेली असेल तर पंचगंगेला जागा कुठं? पाणी थटतं, मागं सरतं. कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं इथं पाणी तुंबतं की नाही, हा वाद तुमच्या वर्गात कुणीतरी काढणारच, कारण घरी तो रोज होतो. काढू द्या. दोन्ही बाजू फळ्यावर लिहा, निकाल देऊ नका.

अधूनमधून मी पातळी वाढवते. ३९. पोरं गप्प. ४०, पाच इंच. "बाई, आता तरी!" प्रत्येक आकड्याला त्यांना निर्णय बदलायची मुभा, पण कारण सांगून. व्याख्या शेवटी येते, आणि ती पोरंच करतात. तुमच्या पुस्तकातल्यापेक्षा लांब असते, व्याकरण डळमळीत असतं, पण पाणलोट, विसर्ग, फुगवटा हे शब्द तिच्यात बरोबर जागी बसलेले असतात, कारण प्रत्येक शब्द त्यांना अडचणीतून सुटायला लागला होता. धड्यातली माहिती एक अक्षर बदललेली नाही. ती फक्त प्रश्नाच्या आधी न येता प्रश्नाच्या नंतर आली.

यात वेळ जातो हे खरं आहे. एका तासाचा धडा दीड-दोन तास घेतो. पोर्शन संपवायच्या तगाद्यात प्रत्येक धडा असा घेणं शक्य नाही आणि घेऊही नये. सहामाहीत दोन-तीन पुरे. बाकीच्यांना फक्त सुरुवातीचा प्रश्न बदलला तरी फरक दिसतो.

दोन ठिकाणी मात्र जपा.

एक, तुमच्या वर्गात २०१९ किंवा २०२१ चं पाणी घरात शिरलेली मुलं असतील. तेव्हा बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं होतं. तेव्हाची लहान पोरं आता तुमच्या बाकांवर आहेत. गोष्ट माणसाला आत ओढते म्हणूनच ती अशा पोराला पुन्हा त्या रात्रीत नेऊ शकते. मी आधी वर्गशिक्षकांना विचारून घेते, गाव शक्यतो वर्गातल्या मुलांचं घेत नाही, आणि म्हशी वाचतात. हो, शेवटी म्हशी वाचतात, हे मी आधी ठरवूनच येते. कुणी पोरगं एकदम गप्प झालं, दप्तराशी चाळा करायला लागलं, तर पातळी वाढवणं थांबवते आणि नकाशावर जाते. गोष्ट रंगात आलेली असली तरी. विशेषतः तेव्हा.

दुसरं, गोष्टीत बुडालेलं डोकं तपासणी कमी करतं. मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक यांनी २००० मध्ये दाखवलं की कथेत जितकं जास्त गुंतलं जावं तितक्या तिच्यातल्या खटकणाऱ्या जागा वाचकांना कमी दिसतात, आणि मतं कथेच्या बाजूनं झुकतात. ती कथा खरी आहे की रचलेली, हे सांगितल्यानंही फारसा फरक पडला नाही. 'धरण फुटलं' असा आवाजी संदेश पुरात गटागटांतून फिरतो तो याच जोरावर. त्यात रडणारी बाई असते, ठिकाणाचं नाव असतं, घाई असते. नसतो तो फक्त पुरावा. तुम्ही पोरांना गोष्टीची ताकद दाखवणार असाल तर याच धड्यात दहा मिनिटं त्यावर काढा. असा एक संदेश स्वतः रचून वाचून दाखवा, आणि मग विचारा, हे खरं की खोटं ठरवायला आपल्याला काय काय कळायला हवं. माहिती मागायची सवय त्यांना आत्ताच लागलेली असते.

सगळंच गोष्ट करून शिकवता येईल का, याचं उत्तर नाही असंच देईन. जिथं कारणांची साखळी आहे आणि कुणाला तरी निवड करावी लागली, तिथं गोष्ट आतूनच निघते: वेढा, पूर, दुष्काळ, राधानगरीचं धरण बांधायचा शाहू महाराजांचा निर्णय. जिथं नुसतं वर्गीकरण आहे, जमिनीचे प्रकार, अक्षांश-रेखांश, राज्यघटनेतल्या याद्या, तिथं ओढूनताणून पात्रं घालू नका. 'काळी माती तांबड्या मातीला म्हणाली' हे तिसरीपर्यंत चालतं. सातवीची पोरं त्यावर हसतात आणि ती तुम्हाला हसत असतात. तिथं सरळ तक्ता काढा, पोरांकडून दोनदा भरून घ्या. अभिनय येत नाही अशी काळजीही तुम्ही शेवटी लिहिली आहे. तिची गरज नाही. आवाज बदलण्यापेक्षा थांबता येणं जास्त उपयोगाचं, आणि प्रश्न विचारल्यावर सात-आठ सेकंद गप्प उभं राहणं ही त्यातली सगळ्यात अवघड गोष्ट. बहुतेक शिक्षक तिसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर देतात.

पुराचा धडा तुमच्याकडे कधी येतो ते लिहिलेलं नाही. जमलं तर वेळापत्रकात पुढं-मागं करून जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घ्या आणि त्या दिवसाची बंधाऱ्याची खरी पातळी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून तास सुरू करा. धडा आधीच झाला असेल तर पावनखिंडीवरच हा प्रयोग करून बघा: लढाई दोन मिनिटांत, आणि उरलेला तास शिवा काशीदच्या संध्याकाळवर. पोरांनी काय विचारलं ते इथं लिहा, म्हणजे पुढचं बोलता येईल.